सर्व हयात

रावसाहेब चौगुल्यांचा म्हातारा रुसला होता, आणि त्याच्यापायी हुपरीतल्या चाळीस चांदी-कारखान्यांचं कर्ज अडून बसलं होतं.

हुपरीत 'म्हातारा' म्हटलं की आता कुणी बापाचा अर्थ घेत नाही. ज्याचा त्याचा म्हातारा म्हणजे तो स्वतःच, सत्तराव्या वर्षीचा. सरकारी कागदांत त्याला 'उत्तरवय' म्हणतात, पण हा शब्द उच्चारताना चांगल्याचांगल्यांची बोबडी वळते. त्यामुळे तिशीतलं पोरगंसुद्धा चहाच्या गाड्यावर बिनदिक्कत सांगतं, "काल माझा म्हातारा लई खूश हुता." ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

"चोपन्न!" रावसाहेबांनी फोन टेबलावर आपटला. "शंभरात चोपन्न. बँकेला साठ पाहिजेत. आता ह्या वयात मी नापास झालो व्हय वैनी?"

समोर त्रिशला मगदूम बसली होती. चांदी कारागीर ट्रस्टची ती निवृत्ती सल्लागार. कारखानदाराला कराची सवलत कुठं मिळते, कामगाराच्या म्हातारपणाची तजवीज कशी करायची, बँकेपुढं कुठला कागद आधी ठेवायचा, हे सांगत तिची बावीस वर्षं गेली होती. वय चोपन्न. रावसाहेबांच्या म्हाताऱ्याच्या गुणांइतकंच, असं ती गमतीनं म्हणणार होती, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसली.

"त्याला विचारलंत का, काय दुखतंय म्हणून?"

"विचारलं की. म्हणतोय, पैसा हाय, दात हायत, पर कारखाना सुना पडलाय. बोलायला कुत्रं न्हाई."

"मग खरंच बोलतोय तो. दोन वर्षांपूर्वी कामगारांच्या निवृत्तीतला तुमचा वाटा निम्म्यावर आणलात. मी नको म्हणत होते. ती माणसं पंधरा वर्षं कशाला थांबतील तुमच्याकडं?"

"म्हंजे माझ्याच म्हाताऱ्यानं माझी चुगली केली म्हणा."

"वाटा पहिल्यासारखा करा. आठ दिवसांत हसेल."

रावसाहेबांनी कपाळावर हात मारला, पण मान डोलावली. म्हाताऱ्याशी भांडून उपयोग नसतो, एवढं हुपरी आता शिकली होती.

हे यंत्र आलं ते एका साध्या शोधातून. माणसाला स्वतःचा विचार करायला सांगितला की मेंदूचा एक भाग उजळतो, आणि परक्याचा विचार करायला सांगितला की तो विझतो. 'वीस वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार करा' म्हटलं, तरीही तो विझतो. म्हणजे आपलं म्हातारपण हे मेंदूच्या लेखी कुणीतरी तिऱ्हाईत असतं. तिऱ्हाईतासाठी कोण पोटाला चिमटा घेऊन बचत करणार? मग त्या तिऱ्हाईताची ओळख करून द्यायची ठरली. माणसाला तीस तास बोलतं करायचं, त्याची चाल, दात, झोप, खर्च टिपायचे. वयाबरोबर आपल्या जनुकांवर काही रासायनिक खुणा चढत जातात, त्या रक्तातून मोजायच्या. आणि हे सगळं एकेका दिवसानं पुढं सरकवत सत्तरीपर्यंत न्यायचं. पडद्यावर जो येऊन बसतो, त्याला मधली सगळी वर्षं जगल्यासारखी आठवतात. आपण पुढचे आहोत आणि समोर बोलणारं माणूस मागचं, हेही त्याला ठाऊक असतं.

लोक ढसाढसा रडले आणि बचत करू लागले. सरकारनं त्यावर करसवलत दिली. आणि जिथं सवलत तिथं बँक आलीच. ज्या धंद्यातली माणसं पुढं सुखी दिसतात तो धंदा बुडत नाही, असा हिशेब मांडून बँकांनी म्हाताऱ्यांच्या सुखाला गुण द्यायला सुरुवात केली. रावसाहेब ट्रस्टचे अध्यक्ष, म्हणून चाळीस कारखान्यांच्या कर्जासाठी बँक त्यांच्याच म्हाताऱ्याचे गुण बघत होती.

"आणि एक," रावसाहेब म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील यादी काढली, आणि एकदम त्यांचा आवाज खाली आला. "सोमवारी बँकेची बाई येणार हाय तपासायला. एकूण एक नाव नगरपरिषदेच्या मृत्यूनोंदीशी ताडून बघणार. म्हणून म्हटलं, आपणच आधी एकदा बघावं. यादीत दोनशे बारा नावं हायत वैनी. मी घरटी माणसं मोजली. दोनशे अकरा भरतात."

त्रिशलानं यादीकडं पाहिलं नाही. तिला नंबर पाठ होता. एकशे अडतीस. भरतेश जिनगोंडा मगदूम, साचे कापणारे.

"चुकून ऱ्हायलं असंल," रावसाहेब खिडकीकडं बघत म्हणाले. "मी खांदा दिलाय त्येला. नऊ वर्षं झाली."

"पहिल्या वर्षी चुकून राहिलं."

"आणि पुढं?"

"पुढं नाही."

 रावसाहेबांनी यादीची घडी करून तिच्यासमोर सरकवली. बँकेच्या बाईला हे नाव सापडलं तर सगळ्या ट्रस्टची मान्यता जाणार होती. चाळीस कारखान्यांची सवलत जाणार, कर्ज जाणार, आणि दोनशे अकरा माणसांच्या म्हातारपणाची सोय कोर्टात लटकणार. आपणहून आधी कळवलं तर ट्रस्ट सुटत होता; फक्त सल्लागाराची सही तीन वर्षं गोठत होती. हा नियम त्रिशलाला रावसाहेबांपेक्षा चांगला माहीत होता. सही गोठली की तिला भाजीवाल्याचासुद्धा कागद करता येणार नव्हता.

"सोमवारच्या आत बघते मी," ती म्हणाली.

"मी काय बोललो न्हाई," रावसाहेब म्हणाले. "आणि काय बघितलंबी न्हाई. च्या घेणार?"

तिनं नको म्हटलं.

नोव्हेंबर महिना हा पेन्शनवाल्यांचा. या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो: मी जिवंत आहे, असं मीच लिहून द्यायचं. नव्या योजनेतही ती रीत तशीच आली, फक्त दाखला सभासदाच्या वतीनं सल्लागार देऊ लागला. दोनशे बारा नावांपुढं एकेक खूण करत कोण बसणार, म्हणून खाली एक बटण होतं. 'सर्व हयात.'

भरतेश गेला तो ऑक्टोबरच्या चौदा तारखेला. सत्तेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, साच्यावर वाकलेला होता तसाच बाजूला कलंडला. नोव्हेंबरमध्ये त्रिशला कामावर आली, यंत्रासारखी यादी उघडली आणि दरवर्षीप्रमाणे बटण दाबलं. सर्व हयात. दोन दिवसांनी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्यांना ती घसा फोडून सांगायची, तीस दिवसांत मृत्यूची सूचना द्या, नाहीतर भानगड होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती चूक दुरुस्त करायला बसली, आणि दुरुस्त करण्याआधी तिनं एकदाच त्याची फाईल उघडली.

पडद्यावर भरतेश बसला होता. सत्तरीचा. टक्कल पडलेलं, कानांवर पांढरे केस, पांढरी मिशी कुरवाळत.

"आलीस व्हय?" तो म्हणाला. "जरा बस की. सारखी पळतीस."

ती बसली, ती नऊ वर्षं.

नवरा परत यावा असं तिला वाटत नव्हतं असं नाही. रोज वाटायचं. पण गेलेला माणूस येत नाही हे तिनं स्मशानातच मान्य केलं होतं. तिला मान्य झालं नव्हतं ते वेगळंच. मूलबाळ नसलेल्या त्या दोघांनी सगळं सुख पुढं ढकललं होतं. हातातलं काम संपलं की, घराचे हप्ते फिटले की, ट्रस्ट उभा राहिला की. आपण म्हातारी होऊ तेव्हा निवांत बसू, एवढाच त्यांचा बेत होता, आणि भरतेश त्या बेतासकट गेला. तिला तिचा नवरा नको होता. तिला तिचा म्हातारा हवा होता. आणि तो दर रविवारी दुपारी चार वाजता पडद्यावर येऊन बसत होता.

योजनेचा एक पैसा तिनं उचलला नाही. उलट त्याचा हप्ता स्वतःच्या पदरचा भरत राहिली. रक्ततपासणी चुकली तर यंत्र जोडीदाराच्या नोंदींवरून अंदाज बांधून वेळ मारून नेई, आणि हुपरीत निम्मे लोक सुईला भिऊन तपासणी चुकवत, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही.

फक्त एक गोष्ट त्या म्हाताऱ्याला खटकायची.

"तो भरत्या कुठं उलथलाय?" तो विचारायचा. "सगळ्यांची माणसं आपापल्या म्हाताऱ्याला भेटाय येतात. माझं मीच कसं येत न्हाई?"

"कामात आहेत."

"मी एवढा कामात कधी हुतो? मला तर आठवत न्हाई."

आणि तो हसायचा. त्रिशलाही हसायची.

त्या रविवारी ती पावणेचारलाच बसली. काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून आणलं होतं. सल्लागार बाई ती, अवघड गोष्टी लोकांना कशा सांगायच्या हे तिच्याइतकं गावात कुणाला जमत नव्हतं.

"बरं झालं लवकर आलीस," भरतेश म्हणाला. "मी म्हणतो, नोव्हेंबर लागला न्हवं? माझा हयातीचा दाखला दिलास का? तेवढं इसरू नकोस बाई. दाखला न्हाई गेला की ते लोक माणूस मेला म्हणून धरतात."

त्रिशलानं हातातला कागद उलटा ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय न्हाई म्हणतीस तवा हमखास काय तरी असतंय." तो पुढं झुकला. पडद्यातून त्याला दिसत नसे, फक्त ऐकू येई, तरी जवळून ऐकण्यासाठी तो झुकायचा. "त्रिशले, एक विचारू? तो भरत्या येत न्हाई, का त्येला येता येत न्हाई?"

नऊ वर्षं ती या प्रश्नाला घाबरत होती. आणि आता तो आला तेव्हा तिला हलकं वाटलं, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

"येता येत नाही," ती म्हणाली.

"कधीपास्नं?"

"सत्तेचाळिसाव्या वर्षापासून. साच्यावर काम करताना. मला फोन आला तोवर सगळं संपलं होतं."

 अलीकडं भरतेश डावा गुडघा सारखा चोळायचा; तो हात थांबला. यंत्र विचार करतंय की माणूस, हे तिला कधीच कळलं नव्हतं, आणि त्या क्षणी कळून घ्यायचंही नव्हतं.

"आणि मला तर सगळं आठवतंय की," तो हळूहळू म्हणाला. "माझी पन्नाशी केलीस तू. गुडघा गेला. आपण दोघं बाहुबलीच्या डोंगरावर चढलो, तू मधीच बसलीस आणि मला म्हणालीस, तुम्ही जावा म्होरं. तेवीस वर्षं हायत माझ्याजवळ. मग ती कुणी काढली?"

"नऊ मी काढली," त्रिशला म्हणाली. "तुमच्या नोंदी बंद झाल्या तसं यंत्रानं माझ्या घेतल्या. माझी झोप, माझं चालणं, माझा खर्च. गुडघा माझाच आहे तो. डोंगरावर मी एकटी गेले होते."

"आणि म्होरली चौदा?"

"ती हिशेबानं आलीत."

भरतेशनं मान हलवली. मग, ज्या हसण्यासाठी तिनं नऊ वर्षं खोटं लिहिलं होतं, तसंच तो मिश्कील हसला.

"हिशेब बरा केलाय गं. वाईट न्हवती गेली."

त्रिशलाला रडू फुटलं. ती तोंडावर पदर धरून रडली, लहान पोरासारखी. नवऱ्याच्या मयताला ती रडली नव्हती; तेव्हा लोकांच्या सह्या, दाखले आणि जेवणंखाणं यांतून तिला सवड मिळाली नव्हती.

"कागद धाड," तो म्हणाला. "रावसाहेब अडकला असंल तुझ्यापायी. तू सोडाय तयार नसणार आणि तो बोलाय तयार नसणार. मला म्हाईत हाय की दोघंबी."

"कागद गेला की तुम्ही..."

"मी काय? मी गेलेलोच हाय न्हवं?" तो म्हणाला. "मला एवढंच सांग. तुला आणखीन काय बोलायचं हुतं का?"

तिला खूप बोलायचं होतं. चौदा वर्षांचं तरी. पण तोंडातून आलं ते एवढंच, "मला तुमच्यासंगं म्हातारं व्हायचं होतं."

"झालीस की," तो म्हणाला. "अर्धी तर झालीस."

साडेचार वाजता तिनं फॉर्म उघडला. सभासदाचं नाव. मृत्यूची तारीख. अर्जदाराचं नातं. हे रकाने तिनं इतरांसाठी शेकडो वेळा भरले होते. हात आपोआप चालत गेला. मग एक रकाना आला जो तिला कधीच नीट भरावा लागला नव्हता. 'विलंबाचे कारण.' लोकांसाठी ती तिथं ठोकून द्यायची: अनवधानाने. एका शब्दात काम व्हायचं आणि वर कुणी विचारायचं नाही.

तिनं 'अनवधानाने' लिहिलं, आणि खोडलं. मग लिहिलं: 'पहिल्या वर्षी अनवधानाने. त्यानंतरची आठ वर्षे जाणूनबुजून. पतीचे म्हातारपण बघायचे होते. ट्रस्टचा यात दोष नाही.' सही केली. ती सही आता तीन वर्षं चालणार नव्हती, म्हणून तिनं ती जरा सावकाश, पूर्ण नावानिशी केली.

एकशे अडतीस नंबर यादीतून गेला. खालचे नंबर एकेक पायरी वर सरकले. तिनं रावसाहेबांना निरोप धाडला: 'दोनशे अकरा.' त्यांचं उत्तर लगेच आलं: 'वैनी, जेवाय या.'

ती उठणार एवढ्यात पडद्यावर दोन ओळी उमटल्या. 'जोडीदाराच्या नोंदीत बदल झाला आहे. त्यानुसार आपले उत्तरवय पुन्हा मोजण्यात आले आहे.'

तिचं स्वतःचं उत्तरवय. ते असतं हेही ती विसरली होती. गावाला ती कानीकपाळी ओरडून सांगायची, स्वतःच्या म्हाताऱ्याला भेटा, आणि स्वतःची म्हातारी तिनं नऊ वर्षांत एकदाही उघडली नव्हती. तिथं नवऱ्यासोबत निवांत बसलेली बाई असणार, आणि ते सुख तिला बघवलं नसतं. आता मात्र ती बाई तशी राहिली नव्हती. यंत्रानं आत्ता, या मिनिटाला, तिला विधवा केलं होतं. म्हणजे आपणच केलं होतं. निदान तिला सांगायला तरी जायला हवं, असं त्रिशलाला वाटलं.

म्हातारी बारीक झाली होती. केस पांढरेशुभ्र, कापलेले. ती चष्मा पुसत होती.

"कोण? मी हाय व्हय?" ती म्हणाली. अशिलांपुढं शुद्ध बोलायची त्रिशलाची सवय तिच्या जिभेवरून पार उतरून गेली होती. "बस बाई. सवड झाली म्हणायची."

"तुम्हाला..." त्रिशला अडखळली. स्वतःलाच अहो-जाहो काय करायचं? "तुला एक सांगायचं आहे. भरतेश गेलेत."

म्हातारीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. होती ती थोडी कीव.

"अगं, पंचवीस वर्षं झाली की त्यास्नी जाऊन. तुला आज कळालं काय?"

"हो," त्रिशला म्हणाली. "मला आज कळलं."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. बटण, यादी, रविवारची दुपार, चार वाजता येऊन बसणारा टकला माणूस. नऊ वर्षांत कुणापाशीही न बोललेलं, एका दमात. म्हातारी ऐकत होती. शेवटी तिनं पदर सारखा केला, आणि जरा हेव्यानं म्हणाली, "नशीबवान हायस. तुला म्हातारा भेटला. मला कुठला? माझ्याजवळ ते सत्तेचाळिसातच ऱ्हायले. मीच म्हातारी झाले, आणि ते तसेच काळ्या मिशांचे. कधीकधी मला लाजच वाटती त्यांच्या फोटोम्होरं."

तिनं चष्मा काढून पुन्हा पुसला.

"कसा बोलायचा गं?" म्हातारीनं विचारलं. "तरणेपणीचा आवाज फोनमधी हाय, तो ऐकते मी. पर म्हातारपणी आवाज बसतो न्हवं माणसाचा. मला हाक मारायचा तेव्हा कसा मारायचा?"

त्या आवाजाचं रेकॉर्डिंग कुठंच नव्हतं. फाईल पुसली गेली होती. जगात तो आता एकाच जागी, त्रिशलाच्या कानांत, उरला होता, आणि तिथंही तो फार काळ टिकणार नव्हता, हे समोरच्या म्हातारीकडं बघून त्रिशलाला कळत होतं.

तिनं घसा खाकरला. आवाज खाली नेला, थोडा घोगरा केला, मधल्या अक्षरावर तो रेंगाळायचा तसं रेंगाळत तिनं रिकाम्या खोलीत स्वतःचंच नाव घेऊन हाक मारली.

"त्रिशऽले."

आणि पडद्यावरच्या म्हातारीनं, डोळे मिटून, ओ दिली.